टायर पॉलिश केल्यावर दारावर उडणारे काळे ठिपके: कारणं आणि उपाय

गाडी धुऊन टायरला पॉलिश मारलं, एक चक्कर झाली, की पुढच्या दाराच्या खालच्या अंगाला बारीक काळे ठिपके. मागच्या बंपरच्या कडेलाही तेच. पांढऱ्या गाडीवर तर लांबूनही दिसतात. कोरड्या फडक्याने पुसायला जावं तर ठिपक्याचा फराटा होतो. मग पुढच्या वेळी माणूस बाटली बदलतो. महागातली आणतो, जेल आणतो, फवाऱ्याचा डबा आणतो. ठिपके काही थांबत नाहीत.

या तक्रारीला कंटाळून कित्येकांनी पॉलिशच सोडून दिलंय. त्यात काही बिघडत नाही. टायर टिकायला पॉलिश लागत नाही, ही निव्वळ हौस आहे. पण हौस करायचीच असेल तर ठिपक्यांशिवाय करता येते, आणि त्यासाठी बाटली बदलायची वेळ क्वचितच येते. रबर जेवढं धरू शकतं त्याहून जास्त पॉलिश लावलं, किंवा ते रबरावर न लागता मळावर लागलं, तर उरलेलं सगळं चाक फिरायला लागताच उडतं. बहुतेक वेळा दोन्ही कारणं एकत्र असतात.

आधी ठिपका कशाचा ते बघा

दारावरचा प्रत्येक काळा ठिपका पॉलिशचा नसतो. रस्त्याचं नवं काम चालू असेल तर डांबर उडतं. डांबराचा ठिपका कडक असतो, नखाला उंचवटा लागतो, शाम्पूने हलत नाही, आणि तो चाकाच्या मागेच नाही तर दाराखालच्या पट्टीवर पार मागपर्यंत विखुरलेला असतो. गंजाच्या रंगाचे, सुईच्या टोकाएवढे नारिंगी टिंब दिसले तर ते लोखंडाचे कण. ब्रेकच्या धुळीतून किंवा रेल्वे रुळाजवळ गाडी रोज उभी राहत असेल तर तिथून येतात. यांचा टायर पॉलिशशी संबंध नाही आणि उपायही वेगळा.

पॉलिशचा ठिपका ओळखायला पांढरा टिश्यू पेपर पुरतो. ठिपक्यावर टेकवून हलकेच दाबा. कागदावर तेलकट डाग उमटला आणि गाडीवर ठिपका पसरला, तर तो पॉलिशचाच. त्याचा आकारही सांगतो: गोल कमी, लांबुडका जास्त, आणि सगळे मिळून चाकापासून मागे-वर पंख्यासारखे पसरलेले. गाडी पुढे जाताना चाकाची मागची बाजू खालून वर उचलली जाते, म्हणून तिथून सुटलेला थेंब वर आणि मागे जातो. पुढच्या चाकाचा माल फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मागच्या भागावर आणि पुढच्या दारावर, मागच्या चाकाचा माल मागच्या बंपरच्या कडेवर.

आता ठिपक्याचा रंग. टायर पॉलिश स्वतः काळं नसतं. बाटलीतलं द्रव एक तर दुधासारखं पांढरट असतं किंवा पारदर्शक. मग ठिपका काळा का? कारण त्यात टायरवरची घाण विरघळलेली असते: जुन्या पॉलिशचे थर, रस्त्याची काजळी, रबराच्या पृष्ठभागावरून सुटलेला भुगा. ठिपके काळे किंवा तपकिरी असतील तर टायर नीट धुतलेला नव्हता. ठिपके रंगहीन आणि नुसते तेलकट असतील, म्हणजे उन्हात तिरपं बघितल्यावरच दिसत असतील, तर टायर स्वच्छ होता पण पॉलिश जास्त झालं. पांढरट किंवा राखाडी ओघळ असतील तर टायर ओला होता. कुठल्या पायरीवर दुरुस्ती करायची ते यावरून कळतं.

गल्लीत काही नाही, हायवेला लागलं की ठिपके

हे बऱ्याच जणांना कोड्यात टाकतं. सोसायटीतून बाहेर पडून भाजी आणली, दार स्वच्छ. त्याच संध्याकाळी हायवेने गावाला गेलं की दार माखलेलं. यात गूढ काही नाही, वेगाचा हिशोब आहे.

हॅचबॅकला सर्रास येणारा १८५/६५ आर१५ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. ताशी ४० किलोमीटरला त्याच्या बाजूच्या भिंतीच्या मध्यावर बसलेल्या थेंबाला जागेवर धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या तीसेक पट जोर लागतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट: ८० ला सुमारे १३० पट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० च्या मर्यादेत चालवलं तरी २०० पटीच्या आसपास. एवढ्या ओढीला रबरात मुरलेलं किंवा अगदी पातळ थराने चिकटलेलं पॉलिशच टिकतं. अक्षरांच्या खोबणीत साचलेला थेंब टिकत नाही. शिवाय टायर चालून गरम झाला की तेल पातळ होतं आणि बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबून सुटते, त्याने ते आणखी हलतं.

इथेच ‘रात्रभर वाळू दिलं होतं तरी उडालं’ या तक्रारीचं उत्तर आहे. बहुतेक टायर पॉलिशमध्ये चमक देणारा घटक सिलिकॉनचं तेल असतो. दुधाळ प्रकारात ते पाण्यात घुसळलेलं असतं, पारदर्शक प्रकारात पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात, विरघळवलेलं असतं. वाळतं ते पाणी किंवा सॉल्व्हंट. तेल वाळत नाही, ते तेलच राहतं. जाड थर लावून तुम्ही दोन दिवस थांबलात तरी जाड थर तेलाचाच उरणार. म्हणून नुसत्या थांबण्याने प्रश्न सुटत नाही, जास्तीचं पुसून काढावंच लागतं. बाटलीवर ‘लावा आणि विसरा’ छापलेलं असलं तरीही.

तपकिरी थर आणि धुण्याचं काम

टायर जुने झाले की तपकिरी पडतात. लोक त्याला धूळ समजतात आणि वरून पॉलिश मारून झाकतात. धूळ त्यात असतेच, पण एक भाग टायरच्या आतून येतो. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायर बनवताना त्यात मेण आणि ६पीपीडीसारखी संरक्षक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना, दबताना ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, हवेशी संयोग पावतात आणि तपकिरी दिसतात. म्हणजे तपकिरी रंग हा टायर खराब झाल्याचा पुरावा नव्हे, संरक्षण काम करत असल्याची खूण आहे. मात्र या थरावर पॉलिश धरत नाही. त्याच्यावर लावलेलं पॉलिश त्याच्यासकट सुटतं, आणि सुटलेला तो काळा-तपकिरी चिखल तुमच्या दारावर जातो.

म्हणून धुण्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. गाडीच्या शाम्पूचा फेस टायरवरून फिरवणं म्हणजे टायर धुणं नव्हे. शाम्पू मुद्दाम सौम्य केलेला असतो, सिलिकॉनचे थर त्याला दाद देत नाहीत. डिटेलिंगच्या दुकानात ‘ऑल पर्पज क्लीनर’ किंवा टायर क्लीनर नावाने मिळणारं द्रव घ्या, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पाणी घाला. ब्रश ताठ दातांचा हवा, पण तारेचा नको. घरात कपडे धुवायचा प्लॅस्टिकचा ब्रश उत्तम चालतो. तो नंतर गाडीच्या बॉडीला किंवा कपड्यांना लावायचा नाही, एवढं पाळा. टायरसाठी बादलीही वेगळी ठेवा, नाहीतर तिथली वाळू फडक्यातून बॉडीवर जाते आणि ओरखडे पडतात.

टायर आधी साध्या पाण्याने भिजवा, क्लीनर मारा, मिनिटभर थांबा, मग ब्रशने गोल-गोल घासा. अक्षरं, रेघा, आणि रिम जिथे टायरला भिडते ती कड विसरू नका. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. पाणी मारा, पुन्हा घासा. फेस पांढरा निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. ज्या टायरवर वर्षानुवर्षं वॉशिंग सेंटरचं पॉलिश बसलंय त्याला चार-पाच फेऱ्याही लागतात. पहिल्यांदाच कष्ट पडतात, नंतरच्या वेळी एक-दोन फेऱ्यांत काम होतं. क्लीनर टायरवर वाळू देऊ नका, आणि अलॉय रिमवर उडालेलं लगेच धुऊन टाका. पाणी जपून वापरायचं असेल तरी एका टायरला अर्धी बादली पुरते, मग्गा आणि थोडा धीर लागतो.

धुतलेल्या टायरवरून कोरडा पांढरा फडका फिरवा. फडका तपकिरी झाला तर काम संपलेलं नाही.

टायर एवढा स्वच्छ झालाच आहे तर जमिनीवर बसल्या-बसल्या त्याच्याकडे नीट बघूनही घ्या. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. बारीक भेगा, फुगवटा, खिळा सगळं याच वेळी दिसतं. जुन्या गाडीच्या बाजारात टायर एवढे तुकतुकीत का ठेवलेले असतात, तेही यावरून लक्षात येईल. चकचकीत टायरवर भेगा दिसत नाहीत, पण तारीख पुसता येत नाही.

टायर वाळवणं

धुतल्यावर लगेच पॉलिश लावायचा मोह होतो, कारण बाकीची गाडीही तेव्हाच पुसून होते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. अक्षरांच्या कोपऱ्यांत, रिमच्या कडेला आणि टायरच्या खांद्यावरच्या, म्हणजे बाजूची भिंत आणि नक्षी मिळतात तिथल्या, चिरांमध्ये पाणी दडून बसतं. फडक्याने पुसल्यावरही ते उरतंच. गाडी दोन-तीन मीटर पुढे घेतली की बरंच पाणी खाली येतं, टायरचा दुसरा भाग समोर येतो आणि मग राहिलेलं पुसता येतं. ओल्या रबरावर दुधाळ पॉलिश आणखी पातळ होऊन ओघळतं. सॉल्व्हंटचं पॉलिश पाण्यावर तरंगतं आणि डागाडागाने बसतं. राखाडी ओघळांचं मूळ हेच.

उलट टोकही वाईट. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी उन्हात उभ्या गाडीचा टायर हाताला चटका देतो. त्यावर पॉलिश लावलं तर पसरायच्या आधीच त्यातलं पाणी उडून जातं आणि पट्टे पडतात. काम सकाळी किंवा सावलीत करा, टायर हाताला गार लागला पाहिजे.

लावायचं कसं

फवारा टायरवर थेट मारायचा नाही. एका वाक्यात सांगायचं तर पसाऱ्याची निम्मी कारणं इथेच संपतात. फवाऱ्याचा निम्मा माल रिमवर, चाकाच्या कमानीवर, जमिनीवर आणि वाऱ्याबरोबर जिन्यापाशी ठेवलेल्या चपलांवर जातो. तुमच्याकडे फवाऱ्याची बाटली असेल तर ती टाकून द्यायची गरज नाही, फक्त स्पंजवर मारा आणि स्पंज टायरवर फिरवा.

फवाऱ्याविरुद्ध माझा मुख्य आक्षेप पसाऱ्याचा नाही, ब्रेकचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे डिस्क ब्रेक असतात. अलॉयच्या उघड्या आऱ्यांतून, अगदी व्हील कव्हरच्या फटींतूनही फवारा सरळ डिस्कवर बसतो. सिलिकॉन आणि ब्रेक एकत्र आले की घर्षण कमी होतं. चुकून गेलंच तर गाडी चालवून ‘जळून जाईल’ असं म्हणू नका. ब्रेक क्लीनरचा फवारा आणि स्वच्छ फडक्याने डिस्क पुसा. पॅडवर मुरलं असेल, ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल दाबूनही नेहमीसारखा पकड घेत नसेल, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका.

स्पंज कसा हवा? दाट, बारीक छिद्रांचा, हातात मावेल एवढा. भांडी घासायच्या स्पंजची मऊ बाजूही चालते. मोठ्या छिद्रांचा स्पंज भरपूर पितो आणि दाबला की एकदम ओकतो. टायरच्या गोलाईसारखा वक्र स्पंज दुकानात मिळतो, सोयीचा आहे, पण त्याच्यावाचून अडत नाही. जुना रंगकामाचा ब्रश काही जण वापरतात. खोबणीत तो छान पोचतो, पण केसांमधून थेंब झटकले जातात, म्हणून ब्रश वापरलात तर पुसण्यात कसूर नको.

प्रमाण ऐकून लोक दचकतात: एका टायरला चहाच्या चमच्याने एक, फार तर दीड चमचा. जेल असेल तर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. स्पंज पहिल्यांदा कोरडा असल्यामुळे पहिल्या टायरला थोडं जास्त लागतं, चौथ्याला कमी. स्पंजवर घेऊन आधी टायरच्या चार जागी टेकवा, मग पसरवा, म्हणजे सगळा माल एकाच ठिकाणी बसत नाही. रिमच्या कडेपासून बाहेर, खांद्याच्या अलीकडेपर्यंत. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर अजिबात नाही. तिथे चमक दिसत नाही, पकड मात्र जाते.

लावताना हातमोजे घाला. कार्बन ब्लॅक (रबराला काळं करणारी काजळी) आणि सिलिकॉनचं मिश्रण नखांच्या कडेला बसलं की साबणाने निघत नाही. टायरखाली आणि समोर जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा किंवा वर्तमानपत्र टाका. पार्किंगमध्ये फरशी असेल तर हे ऐच्छिक समजू नका. फरशीवर पडलेलं सिलिकॉन डोळ्यांना दिसत नाही आणि पाण्याने जात नाही, आणि सकाळी दूध आणायला निघालेले आजोबा तिथून घसरले तर सोसायटीच्या सभेत तुमच्या गाडीचा विषय निघेल. सांडलंच तर भांड्याचा साबण आणि गरम पाणी, दोनदा.

पुसणं

लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग जुना बनियन किंवा सुती फडका घ्या आणि टायर पुसून काढा. हलकेच नाही, चांगला दाब देऊन. फडक्याचा कोपरा बोटावर घेऊन अक्षरांच्या खोबणीतून आणि रिमच्या फटीतून फिरवा. सगळ्यात जास्त साठा या दोन जागीच असतो.

पुसल्यावर चमक उतरल्यासारखी वाटेल. उतरतेच. जो ओला, काचेसारखा लखलखाट गेला तो उडणारच होता. उरतो तो नव्या टायरसारखा दाट, साटिनी काळा रंग. ज्यांना लखलखाटच हवाय त्यांनी पहिला थर पुसून तासाभराने दुसरा, पहिल्याहून पातळ थर द्यावा आणि तोही पुसावा. दोन पातळ थर एका जाड थराहून जास्त टिकतात आणि उडत नाहीत. तिसऱ्याच्या नादी लागू नका.

बोट टेकवून बघा. बोटावर ओलेपणा आला तर अजून पुसायचंय. यानंतर गाडी निदान तासभर उभी ठेवा, रात्रभर ठेवता आली तर उत्तम. संध्याकाळी काम करून सकाळी गाडी काढणं सगळ्यात सोयीचं.

दसऱ्याची घाई हा या बाबतीतला ठरलेला सापळा. सकाळी गाडी धुवायची, टायर काळे करायचे, बॉनेटवर हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि आरती संपताच सगळ्यांना घेऊन चक्कर. टायरवरचं पॉलिश अजून ओलं असतं. वर त्याच्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि हळद चिकटते ती वेगळी. टायरचं काम आदल्या संध्याकाळी उरका. फवाऱ्याचा डबा ज्वलनशील वायूवर चालतो, तेव्हा तो निरांजन आणि उदबत्तीपासून लांब ठेवा.

सगळं केलं तरी ठिपके येतात

मग पुढच्या जागा तपासा. नवे टायर असतील तर त्यांच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. साच्यातली हवा बाहेर जाण्याच्या छिद्रांत रबर शिरून ते बनतात. त्यांच्या बुडाशी पॉलिश अडकून राहतं आणि फडका तिथे पोचत नाही. शिवाय नव्या टायरवर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश असतो, पॉलिश त्यावर नीट बसत नाही. टायर नवेच आहेत, काळेच आहेत. काही शे किलोमीटर चालू द्या, मग हौस करा.

मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील आणि ते फेंडरच्या बाहेर डोकावत असतील, तर चाकाच्या कमानीची आड मिळत नाही. थोडंसं उडालेलंही थेट दारावर येतं. अशा गाडीला एकच थर आणि दुप्पट पुसणं, किंवा मडफ्लॅप.

घरगुती उपायांची एक रांगच आहे: जुनं इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, खोबरेल तेल, बुटाचं पॉलिश. पहिल्या तिघांना ठाम नकार. पेट्रोलियमची तेलं रबरात शिरून त्याला फुगवतात आणि मऊ करतात, आणि आजची चमक उद्याच्या टायरच्या जिवावर येते. खोबरेल तेलाला धूळ अशी बसते की दोन दिवसांत टायर भाकरीसारखा पिठाळ दिसतो. बुटाचं पॉलिश मेणाचं, टायर वळला-दबला की तडकून पापुद्रे सुटतात. ग्लिसरीन आणि पाणी हे मिश्रण मात्र रबराला त्रास देत नाही आणि गाडीच्या रंगावर उडालं तरी पाण्याने जातं. पहिल्या पावसात धुपून जातं आणि ओल धरून धूळ ओढतं, तेवढी किंमत मोजायची तयारी असेल तर स्वस्तात होतं.

आणि शेवटी वॉशिंग सेंटर. तुम्ही घरी सगळं नीट करता, पण महिन्यातून एकदा गाडी तिथे जाते. तिथे पाच लिटरच्या कॅनमधलं पॉलिश, गेल्या आठवड्यापासून तोच मळका स्पंज, ओला टायर, आणि पोऱ्याला पुढची गाडी घ्यायची घाई. तुमच्या चार-पाच फेऱ्यांचे कष्ट एका दुपारी पाण्यात. त्यात त्या पोऱ्याची चूक नाही, गिऱ्हाईकाला दारातून बाहेर पडताना टायर चमकलेला हवा असतो. गाडी आत घेतानाच सांगा: “भाऊ, टायरला पॉलिश मारू नका, नुसतं ब्रशने धुवा.” गाडी धुऊन झाल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर स्पंज फिरलेला असतो.

पावसाळ्यात काय

जून ते सप्टेंबर मी तरी हा उद्योग बंद ठेवायला सांगेन. दुधाळ, पाण्यावर आधारलेलं पॉलिश दोन-चार सरींत जातं. सॉल्व्हंटचं थोडं जास्त तग धरतं, पण कोकणातल्या रस्त्यांवर जांभ्याची लाल माती त्याला चिकटते आणि धुतल्यावरही लालसर झाक राहते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर टायर दिसतच नाही, तेव्हा प्रश्नच मिटतो. पावसाळ्याबाहेर रोजच्या वापरात पाण्यावर आधारलेलंच घ्या. चमक कमी, धूळ कमी, पुढच्या वेळी निघतंही सहज.

उडालेले ठिपके काढायचे कसे

कोरड्या फडक्याने पुसू नका. ठिपक्यात वाळूचे कण असतात, ते घासले जाऊन रंगावर ओरखडे उठतात. आधी पाणी मारून सैल घाण जाऊ द्या, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. ताजे ठिपके एवढ्यात जातात. राहिलेल्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून मायक्रोफायबर फडक्यावर घ्या, ठिपक्यावर काही सेकंद टेकवा आणि एकाच दिशेने उचला. प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. डांबर काढायचं द्रवही चालतं. हे सगळं सावलीत, गार पत्र्यावर, आणि झाल्यावर ती जागा पुन्हा शाम्पूने धुवा. त्या जागेवरचं वॅक्सही निघालेलं असतं, तेव्हा थोडं वॅक्स लावून घ्या. थिनर नको, पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर तो रंग उचलतो. रॉकेलने ठिपका जातो पण स्वतःचा तेलकट थर ठेवून जातं.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर त्याआधी काही आठवडे टायर पॉलिश बंद करा आणि पेंटरला आधीच सांगा की दारावर सिलिकॉन उडालेलं आहे. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग त्या जागी बसत नाही, मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. पेंटर त्याला ‘फिशआय’ म्हणतात आणि ती दिसली की पूर्ण पॅनल घासून पुन्हा मारावं लागतं.

उरलेलं पॉलिश संपवायला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटर-मोटरसायकलच्या टायरला मात्र लावू नका. दुचाकी वळणावर झुकते आणि टायरची बाजू रस्त्याला लागते. तिथे सिलिकॉन असेल तर गाडी सरळ अंगाखालून निसटते. दुचाकीच्या टायरला ब्रश, पाणी आणि साबण, बस.